पाठवणाऱ्याचे नाव

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्या काळात एकही निनावी दस्त माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही. जाऊच शकत नव्हता. लिहून देणाऱ्याचे नाव, वय, पत्ता, छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि 'हा माणूस तोच आहे' असे सांगून सही करणारे दोन ओळखदार, एवढे जमल्याखेरीज नोंदणी होत नाही. पुढे वाद निघालाच, तर कोणी कोणाला कोणत्या दिवशी काय लिहून दिले, हे वीस वर्षांनंतरही कपाटातून काढून दाखवता येते. अशा शिस्तीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण जुलै २०२२ मधल्या एका संध्याकाळी माझ्या मावशीला आलेल्या लघुसंदेशात मला सर्वांत जास्त खुपली ती एकच गोष्ट, की त्याखाली कोणाचेच नाव नव्हते.

मागील महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा, अशा आशयाच्या त्या मोडक्या इंग्रजी ओळी होत्या. त्या वर्षी हाच मजकूर देशभर फिरत होता आणि त्याबद्दल सावध करणाऱ्या सूचना वर्तमानपत्रांत येत होत्या. मावशी तेव्हा ७६ वर्षांची होती, मिरजेला एकटी राहत होती, आणि बिल भरल्याची पावती तिच्या देव्हाऱ्याखालच्या खणात होती. तरीही पावसाळ्याच्या दिवसांत रात्रभर अंधारात बसावे लागेल या भीतीने तिने संदेशात दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने अतिशय सौम्य हिंदीत तिला आधी फोनचा ताबा दुसऱ्याकडे देणारे ॲप उतरवायला लावले आणि मग नोंद अद्ययावत करण्यासाठी फक्त दहा रुपये भरायला सांगितले. तिच्या बचत खात्यातून ४८,५०० रुपये गेले. मला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले, आणि तोवर १९३० या मदतक्रमांकावर फोन करून पैसे वाटेत अडवण्याची वेळ टळून गेली होती.

पैशांविषयी ती फारशी बोलली नाही. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या त्या बाईने मला पुन्हा पुन्हा एकच विचारले, "पण बाळ, तो होता कोण?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी जवळपास तीन वर्षे गेली आहेत. त्यातून जे कळले ते नीट मांडून ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपण ज्याला निनावी संदेश म्हणतो तो बहुतेक वेळा निनावी नसतोच. भारतात व्यापारी संदेश पाठवायचा तर पाठवणाऱ्या संस्थेला दूरसंचार कंपनीकडे नोंदणी करावी लागते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १९ जुलै २०१८ रोजी जे विनियम अधिसूचित केले, त्यांच्यामुळे ही नोंदणी डीएलटी नावाच्या सामायिक खातेवहीत होऊ लागली. ती अशी वही आहे की तिची प्रत सर्व दूरसंचार कंपन्यांकडे असते आणि एकाने केलेली नोंद दुसऱ्याला परस्पर खोडता येत नाही. संस्थेने आपली कागदपत्रे द्यायची, संदेशाच्या माथ्यावर दिसणारे अक्षरी नाव, म्हणजे हेडर, नोंदवून घ्यायचा, मजकुराचा साचाही आधी मंजूर करून घ्यायचा, आणि मगच संदेश सोडायचा. आपल्या फोनवर हेडरच्या आधी जी दोन अक्षरे दिसतात, त्यांतले पहिले दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे सेवाक्षेत्राचे असते. मुंबईसाठी एम, दिल्लीसाठी डी, उर्वरित महाराष्ट्र आणि गोव्यासाठी झेड. मे २०२५ पासून हेडरच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडले जाऊ लागले, त्यावरून तो संदेश जाहिरातीचा आहे, सेवेचा आहे, व्यवहाराचा आहे की सरकारी, हे कळते.

हे विनियम कागदावरून प्रत्यक्षात यायलाही मोठा वेळ लागला. पेटीएम चालवणारी कंपनी स्वतःच्या नावाने फिरणाऱ्या फसव्या संदेशांविरुद्ध २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ट्रायला या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. ८ मार्च २०२१ रोजी संदेशांची गाळणी सुरू झाली, तेव्हा अनेक बँकांनी आणि संस्थांनी साचे नोंदवलेलेच नव्हते, त्यामुळे देशभर ओटीपी अडकले. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण आईच्या कोविड लसीच्या नोंदणीचा ओटीपी येत नव्हता आणि आम्ही दोघे फोन समोर ठेवून दुपारभर बसलो होतो. गाळणी आठवडाभर थांबवावी लागली. खऱ्या पाठवणाऱ्यांनाही आपले नाव नोंदवण्याची सवय किती कमी होती, हे त्या दिवशी दिसले.

मावशीचा संदेश मात्र हेडरवरून आलेला नव्हता. तो साध्या दहा अंकी क्रमांकावरून आला होता, म्हणजे कोणाच्या तरी नावे घेतलेल्या सिमकार्डावरून. तिथेही नाव असतेच. सिम घेताना भरलेला ग्राहक नोंदणी अर्ज, त्यावरचे छायाचित्र, ओळखपत्राचा क्रमांक आणि ते सिम विकणाऱ्या दुकानदाराचा संकेतांक, हे सगळे कंपनीकडे असते. शिवाय कोणत्या क्रमांकावरून कोणाला केव्हा संदेश गेला, याच्या नोंदी कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत, असा दूरसंचार विभागाचा डिसेंबर २०२१ पासूनचा दंडक आहे. सिमकार्डाशिवाय, खोट्या मनोऱ्यासारखे यंत्र गाडीत ठेवून आसपासच्या फोनवर संदेश सोडण्याचाही एक प्रकार आहे. जुन्या टूजी पद्धतीत फोनला आपली ओळख जाळ्याला पटवावी लागते, पण जाळ्याला आपली ओळख फोनला पटवावी लागत नाही, ही उणीव त्यात वापरली जाते. तसा संदेश मात्र कोणत्याच कंपनीच्या वहीत उमटत नाही आणि तिथे शोध खरोखरच अवघड आहे. माझ्या अनुभवातले बाकी सगळे संदेश कोणत्या ना कोणत्या वहीत नोंदलेले होते. ती वही मला पाहता येत नव्हती, एवढेच.

सायबर पोलीस ठाण्यात मावशीची फिर्याद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली, संगणकीय साधनाच्या आधारे तोतयागिरी करून फसवणूक या गुन्ह्याखाली नोंदवली गेली. तिथले लोक सौजन्याने वागले. पण अशा गुन्ह्याचा तपास कायद्याने निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, ठाण्यात निरीक्षक मोजके आणि फिर्यादींची चळत टेबलाच्या दोन्ही बाजूंना. दूरसंचार कंपनीकडून क्रमांकाच्या नोंदी मागवायच्या तर त्यालाही पोलीस अधीक्षक दर्जाची मंजुरी लागते. या अटी कशासाठी आहेत हे मला समजते आणि त्या असाव्यात असेच माझे मत आहे. कोणी कोणाला फोन केला हे कोणत्याही शिपायाला विचारता येऊ लागले, तर उद्या ते कोणाच्या सूनबाईंबद्दलही विचारले जाईल.

तपास चालू असताना मी स्वतःच्या फोनवरचे संदेश एका वहीत लिहू लागलो. तारीख, वेळ, हेडर किंवा क्रमांक, मजकुराचा सारांश, मी काय केले आणि उत्तर काय आले, असे सहा रकाने. ऑगस्ट २०२३ पासूनच्या वर्षभरात तीनशेहून अधिक नोंदी झाल्या. न मागितलेली कर्जे मंजूर झाल्याची वार्ता, रमीच्या खेळात जमा झालेली रक्कम, कोणत्या तरी महामार्गालगतचे बिगरशेती भूखंड. त्या भूखंडांचे संदेश मी विशेष लक्षपूर्वक वाचत असे, कारण तसल्या भूखंडांचे दस्त आणि त्यांवरून झालेली भांडणे मी आयुष्यभर पाहिली आहेत.

नको असलेल्या व्यापारी संदेशांबद्दल १९०९ या क्रमांकावर तक्रार करण्याची रीत आहे. संदेशाचा मजकूर, पाठवणाऱ्याचा हेडर किंवा क्रमांक आणि तारीख त्या क्रमांकावर पाठवायची. तेव्हा संदेश आल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ही मुदत सात दिवसांची झाली. माझ्या पहिल्या काही तक्रारी नमुन्यात चूक झाल्यामुळे परत आल्या. पुढच्या स्वीकारल्या गेल्या आणि काही दिवसांनी उत्तर आले, की तक्रारीवर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. कोणावर कारवाई केली, हे त्यात नव्हते. मी पत्र लिहून विचारले, तेव्हा ग्राहकांची माहिती गोपनीय असल्यामुळे देता येणार नाही असे कंपनीने कळवले. ज्याने मला संदेश पाठवला तो त्यांचा ग्राहक होता आणि मीही त्यांचाच ग्राहक होतो, पण गोपनीयता त्या दोघांपैकी एकालाच मिळाली होती.

या व्यवस्थेची घडणच अशी आहे. तिचा सारा रोख पाठवणाऱ्याचे तोंड बंद करण्यावर आहे. नोंदणी न केलेल्या पाठवणाऱ्याचे जाणारे फोन आधी बंद करायचे, पुन्हा चूक झाली तर जोडणी तोडायची, सगळ्या कंपन्यांनी त्याला काळ्या यादीत टाकायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने याबाबत कडक निर्देश दिले आणि काही आठवड्यांत पावणेतीन लाखांहून अधिक क्रमांक व जोडण्या तोडल्या गेल्या. हे काम मोठे आहे आणि त्याचा उपयोग झाला, हे मी माझ्याच वहीवरून सांगू शकतो. त्या दिवाळीत भूखंडांचे संदेश जवळजवळ थांबले होते. पण तोडलेल्या जोडणीमागे जो माणूस होता, त्याला ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर कोणी उभे करत नाही. नियामक, कंपनी आणि पाठवणारा एवढ्यांतच ते प्रकरण उघडते आणि मिटते. संदेश ज्याला आला तो त्यात फक्त खबर देणारा असतो.

अमेरिकेत न्यू जर्सीला असलेल्या माझ्या चुलतभावाशी याविषयी बोलणे झाले. तिथे १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यात, ज्याला नको असलेला फोन किंवा संदेश येतो त्याला स्वतः दावा लावून प्रत्येक उल्लंघनामागे ५०० डॉलर मागता येतात, आणि ते जाणूनबुजून केलेले असेल तर न्यायालय ती रक्कम तिप्पट करू शकते. पाठवणाऱ्याचे नाव माहीत नसेल तर तूर्त जॉन डो या कल्पित नावाने दावा दाखल करून, न्यायालयाच्या आदेशाने दूरसंचार कंपनीकडून खरे नाव मागवता येते. हे ऐकून मला कौतुक वाटले आणि मग आठवले, की आपल्याकडेही असे कल्पित नाव आहे. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आपली उच्च न्यायालये जे आदेश देतात त्यांना अशोक कुमार आदेश म्हणतात. चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणारे, दूरचित्रवाहिनी चोरून दाखवणारे, नावाजलेल्या मालाची नक्कल करणारे असे असंख्य अशोक कुमार गेल्या वीस-बावीस वर्षांत न्यायालयासमोर आले. ज्याचा स्वतःचा दोष नाही पण ज्याच्याकडे दोषी माणसाची माहिती आहे, त्याला ती उघड करायला लावता येते, हे तत्त्व इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने १९७३ मध्ये नॉर्विच फार्माकल खटल्यात मांडले आणि आपल्या न्यायालयांनीही त्याचा आधार घेतलेला आहे. म्हणजे मार्ग आहे. पण आजवर त्या मार्गाने मुख्यतः मोठ्या कंपन्या गेल्या. मिरजेच्या निवृत्त शिक्षिकेसाठी उच्च न्यायालयात अशोक कुमारवर दावा लावणे, हे ४८,५०० रुपयांच्या कितीतरी पलीकडचे काम आहे.

सरळ फौजदारी कायद्यात एक कलम होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मधल्या तिसऱ्या भागात, त्रास देण्यासाठी किंवा संदेशाच्या उगमाबद्दल दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला इलेक्ट्रॉनिक संदेश हा गुन्हा ठरवलेला होता. नको असलेल्या संदेशांच्या इतके जवळ जाणारे दुसरे कलम मला आपल्या कायद्यात सापडलेले नाही. पण ते कलम प्रत्यक्षात वापरले गेले भलत्यांवर. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली, ती याच कलमाखाली, आणि त्याच प्रकारानंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ संपूर्ण रद्द केले. ते रद्द व्हायलाच हवे होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मात्र उगम लपवून संदेश पाठवणाऱ्याबद्दलचे शब्दही त्याबरोबर गेले आणि त्यांच्या जागी नेमके, अरुंद आणि गैरवापराला वाव न देणारे काही लिहिले गेले नाही, ही खंत आहे.

पालघरची ती घटना मी मनाशी नेहमी ठेवतो, कारण नाव उघड करा अशी मागणी करणाऱ्याने आधी तिच्याकडे पाहिले पाहिजे. पाठवणाऱ्याचे नाव मागणाऱ्या प्रत्येकाला द्यावे असा नियम केला, तर त्याचा पहिला लाभ कोणाला होईल? घर सोडून गेलेल्या बायकोचा माग काढणाऱ्या नवऱ्याला, भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्या कारकुनावर डूख धरलेल्या वरिष्ठाला, वसुलीसाठी माणसे पाठवणाऱ्या सावकाराला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले, तो हक्क ही माणसे ज्यांचा माग काढतील त्यांच्यासाठीही आहे.

यावरचे उत्तर मला माझ्याच जुन्या कार्यालयात सापडले. नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे. त्यात पुस्तक क्रमांक १, म्हणजे स्थावर मिळकतीचे दस्त, आणि त्याची सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येते; ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो त्यातलाच. मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात आणि मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याच्याखेरीज किंवा त्याच्या मुखत्याराखेरीज कोणालाही त्यांची नक्कल मिळत नाही. पुस्तक क्रमांक ४ मधल्या संकीर्ण दस्तांच्या नकला मात्र, ज्याने दस्त लिहून दिला आणि ज्याचा त्याखाली हक्क पोहोचतो, त्यांनाच मिळतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी शांतपणे विचार करून उघडे, झाकलेले आणि फक्त संबंधितांसाठी उघडे, असे भाग पाडून ठेवले आहेत. संदेशांची वही ही पुस्तक क्रमांक ४ सारखी असावी. ती जगाला दाखवू नये, पण संदेश ज्याला पाठवला आहे तो त्या व्यवहाराचा पक्षकार आहे. त्याचे नुकसान झाले आहे असे एखाद्या अधिकाऱ्यासमोर प्रथमदर्शनी दिसले, की पाठवणाऱ्याच्या नोंदीची नक्कल मागण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. माझे सगळे म्हणणे एवढ्यातच आहे.

मध्यंतरी हेडरच्या बाजूने थोडी वाट सापडली. कोणता हेडर कोणत्या संस्थेच्या नावे आहे हे ट्रायच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते, आणि ती संस्था कंपनी असेल तर तिचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत मिळतो. भूखंडवाल्या दोन हेडरांच्या मालकांना मी नोंदणीकृत टपालाने नोटिसा पाठवल्या. एक नोटीस, पत्त्यावर कोणी राहत नाही अशा शेऱ्यासह परत आली. दुसऱ्या कंपनीने सविस्तर उत्तर दिले, की हा संदेश आम्ही पाठवलेला नाही, घाऊक संदेश पाठवणाऱ्या एका मध्यस्थाकडे आमचा हेडर आणि साचा दिलेला होता आणि त्याने तो पुढे आणखी कोणाला वापरू दिला असावा. हे खरे असण्याची शक्यता होती. मंजूर साच्यात ग्राहकाचे नाव किंवा रक्कम भरण्यासाठी जी मोकळी जागा ठेवलेली असते, तिथे भलताच मजकूर आणि भलतीच लिंक घुसवण्याचे प्रकार इतके वाढले होते, की ट्रायने फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळे हेडर आणि साचे पुन्हा तपासायला लावले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून आधी न नोंदवलेली लिंक असलेला संदेश पुढे जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. मूळ संस्थेपासून शेवटच्या मध्यस्थापर्यंतची साखळी सलग नोंदलेली असलीच पाहिजे, हा नियमही त्याच वर्षअखेरीस लागू झाला. माझा संदेश त्याआधीचा होता. त्या साखळीतली मधली कडी कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मावशीच्या प्रकरणात मात्र फिर्यादीनंतर सात महिन्यांनी ठाण्यातून फोन आला. निरीक्षक म्हणाले, "काका, नाव मिळालंय. माणूस मिळालेला नाही."

सिमकार्ड एका गवंडीकाम करणाऱ्या मजुराच्या नावे होते. तो परराज्यातला, कामासाठी तिसऱ्याच राज्यातल्या शहरात राहणारा. पोलिसांनी त्याच्याशी बोलून जबाब घेतला होता. रस्त्याच्या कडेला छत्री लावून सिम विकणाऱ्याकडून त्याने एक सिम घेतले होते. पहिल्यांदा अंगठा नीट उमटला नाही असे सांगून विक्रेत्याने त्याचा ठसा दुसऱ्यांदा घेतला. पहिला ठसाही खरे तर उमटलेलाच होता. त्या माणसाच्या नावावर त्या दिवशी दोन सिमकार्डे सुरू झाली, त्यांतले एक त्याच्या खिशात गेले आणि दुसरे मावशीला संदेश पाठवायला. त्याला स्वतःला मराठी तर येत नव्हतीच, इंग्रजीही वाचता येत नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जे नाव मिळावे म्हणून मी इतका आटापिटा केला होता, ते मिळाले होते आणि ते फसवल्या गेलेल्या दुसऱ्या माणसाचे निघाले होते. मी अधिक आग्रही असतो, माझ्या हाती कंपनीकडून थेट नाव आले असते, तर कदाचित मी त्याच मजुराला नोटीस पाठवली असती, आणि परगावी रोजंदारीवर काम करणाऱ्या त्या माणसाने ती कोणाकडून वाचून घेतली असती. नाव आणि माणूस यांच्यामध्ये अधिकाऱ्याची चौकशी हवी, असे मी वर जे म्हटले, ते त्या रात्रीमुळे.

पण अंगठा दोनदा घेतल्याची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तोतया माणूस उभा करून दस्त नोंदवल्याची प्रकरणे आमच्याही कार्यालयात झाली होती. त्या वेळी चौकशीत पहिला प्रश्न नेहमी ओळखदाराला विचारला जाई, की तू या माणसाला कसा ओळखतोस आणि सही करण्याचे किती घेतलेस. सिमकार्डाच्या व्यवहारातला ओळखदार म्हणजे विक्रेता. हाच तो माणूस, असे अर्जावर तोच लिहून देतो. सरकारलाही हे उमगले असावे, कारण १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची नोंदणी सक्तीची झाली आणि घाऊक सिमविक्री बंद झाली. पुढे २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने फसवणूक करून सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ते कलम जून २०२४ पासून लागू आहे आणि मावशीचे प्रकरण २०२२ चे असल्यामुळे त्याला ते लावता येत नाही.

हाताशी वेळ थोडा होता. नोंदी दोन वर्षे ठेवण्याचे बंधन जुलै २०२४ मध्ये संपणार होते. म्हणून त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे मंत्रालयातल्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, भरपाईसाठी अर्ज केला. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि दिवाणी न्यायालयाप्रमाणे कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे. सामान्य माणसाला पेलेल असा हा मार्ग आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. अर्जात आम्ही दूरसंचार कंपनीला प्रतिवादी केले आणि दोनच गोष्टी आधी मागितल्या. प्रकरण संपेपर्यंत नोंदी नष्ट करू नयेत, आणि सिमचा अर्ज विक्रेत्याच्या संकेतांकासह हजर करावा.

पुराव्याबाबत वकिलांनी एक चांगली जाणीव करून दिली. मावशीचा तो फोन तेव्हा जुना झाला होता आणि तिच्या नातवाने तो बदलून नवा घ्यायचे ठरवले होते. वकिलांनी त्याला थांबवले. संदेशाचे छायाचित्र काढून ठेवले की पुरावा झाला, असे आपण समजतो, पण इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभेच्या निवडणुकीच्या वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. मूळ उपकरणच समोर ठेवता आले तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. त्यामुळे मावशीचा फोन आता एका कापडी पिशवीत, पावतीशेजारी, देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, आणि दर पंधरा दिवसांनी ती तो आठवणीने चार्ज करते.

सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला कंपनीने अर्जाची प्रत हजर केली. मजुराचे छायाचित्र, त्याचा पत्ता आणि खाली विक्रेत्याचे नाव, संकेतांक, दुकानाचा शिक्का. एकाच दिवशी त्याच माणसाच्या नावे सुरू झालेल्या दोन सिमकार्डांच्या वेळांमध्ये नऊ मिनिटांचे अंतर होते. एवढी साधी गोष्ट कंपनीच्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती.

ती प्रत घेऊन मी मिरजेला गेलो. मावशीने चष्मा लावून विक्रेत्याचे नाव दोनदा वाचले, कागद उजेडाकडे धरून शिक्का पाहिला.

"म्हणजे तो हा नाही," ती म्हणाली.

"नाही. पण दुसरं सिम कोणाला दिलं, ते याला माहीत असणार."

"मग याला विचार."

विक्रेत्याला प्रतिवादी करण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात दाखल केला. त्याच्या पत्त्यावर गेलेली नोटीस पोहोचल्याची पोच आली आहे आणि तिच्यावर सही आहे. पुढची तारीख पावसाळा संपल्यावरची मिळाली आहे.